काम बंद असलं तरी

देवयानीने तो फोन जेवता जेवता केला. डाव्या हातात फोन, उजवा हात वरणभातात. पलीकडून जयप्रकाश साहनीने विचारलं, "तो बेटी, कल आना है कि नहीं?"

"नहीं, कल काम बंद है. मत आइए," ती म्हणाली. आणि पुढचा घास घेतला.

नंतर कितीतरी दिवस तिला तो घास आठवत राहिला.

देवयानी करंबेळकर कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. वडील सरकारी बँकेत. त्यांची बदली कोलकात्याला झाली तेव्हा ती शाळेत होती, आणि त्यांची बदली नाशिकला झाली तेव्हा ती कॉलेजात. आईवडील गेले. ती राहिली, कारण कायद्याचा अभ्यासक्रम अर्धा इथे आणि अर्धा तिथे करता येत नाही. टॉलिगंजला वडिलांच्या बँकेतल्या विवेककाकांच्या घरी तिला एक खोली मिळाली होती. सुमनकाकू जेवायला घालत आणि अभ्यासाबद्दल काही विचारत नसत. दोन्हीसाठी देवयानीला त्या आवडत.

लेखी परीक्षा संपली होती. उरला होता एकच तोंडी पेपर, व्हायवा. शेवटच्या सत्रात प्रत्येकाने एखाद्या वकिलाकडे राहून कोर्टाचं काम बघायचं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाला त्यावर उत्तरं द्यायची. परीक्षक एकाच दिवशी यायचे. तो दिवस शुक्रवार. पुण्याच्या एका कंपनीच्या कायदा विभागात तिची नोकरी ठरली होती. जुलैत रुजू व्हायचं. अट एकच: सगळे विषय सुटलेले हवेत.

कोर्टाचं काम ती ऋता सान्याल यांच्याकडे करत होती. सियालदह स्टेशनच्या गर्दीतून बाहेर पडलं की जे कोर्ट लागतं, तिथे त्यांचं टेबल होतं. टेबल म्हणजे खरोखरच एक टेबल, पत्र्याच्या शेडखाली, पायाला साखळी घालून खांबाला बांधलेलं. सगळे त्यांना ऋतादी म्हणत. देवयानीही म्हणायची.

त्या आठवड्यात उकाडा असा होता की ट्रामच्या तारासुद्धा घामेजल्यासारख्या वाटत. काळा कोट घालून उभं राहणं अशक्य आहे, असं म्हणून तिथल्या वकिलांनी ठराव केला: आठवडाभर कोणी वकील कोर्टापुढे उभा राहणार नाही. काम बंद.

ऋतादी तिला म्हणाल्या, "उद्या ज्यांच्या तारखा आहेत त्यांना फोन करून काम बंदचं कळव."

तिने कळवलं. जयप्रकाशला सांगितलं तसंच बाकीच्यांनाही सांगितलं. तिला त्यात काही चूक वाटली नाही. ती या शहरात वाढली होती. इथे बंद म्हणजे बंद. शाळा बंद, दुकानं बंद, बस बंद, आणि मोकळ्या रस्त्यात मुलांचं क्रिकेट. बंदच्या दिवशी घराबाहेर पडायचं नसतं, हे तिला वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. ते शिकवावं लागत नाही.

गुरुवारी दुपारी ती शेडखाली व्हायवासाठीची फाइल लावत बसली होती. ऋतादींचे कारकून प्रभाकरदा पान चघळत आले.

"साहनीवर वॉरंट निघालंय," ते म्हणाले.

"कोण साहनी?" ऋतादींनी वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारलं.

"टॅक्सीवाला. बेलेघाट्याचा अपघात. मंगळवारी पुकारा झाला, तो आलाच नाही. नवीन मॅजिस्ट्रेट आहे. जामिनावरचा आरोपी आला नाही म्हणून वॉरंट. बाकीचे दोघं-तिघं आले होते, त्यांना पुढच्या तारखा मिळाल्या."

देवयानीच्या हातातलं स्टेपलर तसंच उघडं राहिलं.

बाकीचे आले होते. तिचं न ऐकता आले होते. कोर्टाच्या खेपा घालून पक्के झालेले लोक. जयप्रकाश नवीन होता. त्याने ऐकलं.

"ऋतादी," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलं होतं येऊ नका म्हणून."

ऋतादींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. घडी घातली. घडीवर हात फिरवला.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"काम बंदचं कळव."

"मग? काम माझं बंद आहे. मी येणार नाही, तुझं तू जाऊन हजेरी दे, एवढं सांगायचं असतं. 'येऊ नका' हे तुला कोणी सांगितलं?"

कोणीच नाही. 

जामिनावर असलेल्या माणसाने तारखेला हजर राहायचं, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. एकदा गैरहजर राहिला तर पुढे जामीन नाकारताही येतो. गेल्याच महिन्यात तिने हे पेपरात लिहिलं होतं, कलमासकट. आणि तरी वरणभात खाता खाता ती एका माणसाला "मत आइए" म्हणाली होती.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"सोमवारी काम सुरू होईल. मी अर्ज करून वॉरंट मागे घ्यायला लावीन. तोपर्यंत त्याला म्हणावं, घरी झोपू नकोस. कोणा नातेवाइकाकडे राहा."

"आणि आज-उद्याच पोलीस आले तर?"

"तर आत जाईल. शनिवार-रविवार आहे मध्ये."

"तुम्ही उद्या एकदाच..."

"देवयानी." ऋतादींचा आवाज चढला नाही. "मी ठराव मोडून उभी राहिले तर या टेबलाची साखळी उद्या कापलेली असेल. तो स्वतः जाऊन बोलू शकतो. कायदा त्याला अडवत नाही. तूही व्हायवा दे आणि मोकळी हो. चुका होतात. माझ्याही झाल्यात."

त्या परत वर्तमानपत्र वाचू लागल्या. पण पान उलटलं नाही.

*

जयप्रकाश खिदिरपूरला राहायचा, गोदीच्या भिंतीमागच्या गल्लीत. मूळचा समस्तीपूरचा. मालकाची गाडी ॲपवर चालवायचा. हिवाळ्यात एका संध्याकाळी बेलेघाट्याच्या मोडावर, म्हणजे चौकात, एक स्कूटरवाला त्याच्या गाडीखाली आला. पाय मोडला. सिग्नल पिवळा होता, जयप्रकाशने गाडी काढली होती. तो पळाला नाही. त्यानेच माणसाला उचलून गाडीत घातलं, इस्पितळात नेलं आणि तिथल्या बाकावर पोलिसांची वाट बघत बसला. ऋतादी म्हणायच्या, असा अशील मिळणं भाग्याचं, फक्त तो फार खरं बोलतो.

देवयानी त्याच्या घरी पोचली तेव्हा तो बनियनवर बसून कांदा चिरत होता. त्याची बायको उषा पाणी भरायला गेली होती. तिला बघून त्याने आधी सुरी खाली ठेवली आणि मग शर्ट शोधला.

वाटेत तिने पाचपन्नास वाक्यं जुळवली होती. प्रत्यक्षात ती एवढंच म्हणाली की तुमच्यावर वॉरंट निघालंय, आणि चूक माझी आहे.

त्याने शर्टाची बटणं लावली. मग म्हणाला, "आप तो बोली थीं, बंद है."

"हां. ग़लत बोला था मैंने."

"अच्छा." त्याने कांद्याच्या फोडी एका बाजूला सारल्या. "तो अब?"

तिने दोन्ही रस्ते सांगितले. सोमवारपर्यंत दुसरीकडे जाऊन राहायचं, मग ऋतादी बघतील. किंवा उद्या सकाळी स्वतः कोर्टात हजर व्हायचं, अर्ज द्यायचा, आणि का आलो नाही ते सांगायचं. यात धोका होता. हजर झाल्या झाल्या त्याला पिंजऱ्यात उभं करतील. मॅजिस्ट्रेटला पटलं नाही तर तिथूनच तुरुंगात.

"तुम्ही सोमवारपर्यंत थांबलात तर बरं," ती हिंदीत म्हणाली. आणि हे वाक्य आपण कोणासाठी बोललो, असं तिला लगेच वाटलं.

जयप्रकाशने मान हलवली. "नहीं बेटी. उस दिन नहीं भागा, तो अब क्या भागूंगा? लोग कहेंगे, तब भी भाग ही रहा था." मग अगदी सहज, दुधाचं विचारावं तसं त्याने विचारलं, "आप तो रहेंगी न कल?"

"रहूंगी," ती म्हणाली.

उद्या शुक्रवार आहे हे तिला गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आठवलं. आठवलं म्हणजे तिला ते माहीतच होतं. तोपर्यंत ती त्याकडे बघत नव्हती.

*

"तुला वेड लागलंय का?" अमृता फोनवर ओरडली.

अमृता तिच्या वर्गात होती. वडील कर्नल, फोर्ट विल्यममध्ये. वर्गात मराठी बोलणाऱ्या या दोघीच, त्यामुळे सगळ्या वर्गाची उणीदुणी त्या सगळ्यांसमोर खुशाल काढत असत.

"कोर्ट साडेदहाला सुरू होतं," देवयानी म्हणाली. "पहिल्याच झटक्यात झालं तर मी पोचते. माझा नंबर मधे कुठेतरी आहे."

"मधे कुठेतरी! अगं, परीक्षकांना दुपारची गाडी आहे. जेवायच्या आत आटपून निघणार ते. मीनाक्षी मॅडमनी वर्गाच्या ग्रुपवर टाकलंय, वाचत जा जरा."

"तू शेवटी जा. तुझ्याआधी मला घालता आलं तर बघ."

"मी शेवटी जाऊ? म्हणजे तोवर मी तिथे घाम गाळत बसू? आणि त्या माणसाला ऋतादीने सांगितलंय की सोमवारी करते. मग तुझं काय अडलंय?"

"मी सांगितलं म्हणून तो आला नव्हता. आता मी असेन म्हणाले, त्या भरवशावर येतोय."

"तू ना, वकील होऊ नकोस," ती म्हणाली. "तुला झेपणार नाही." मग म्हणाली, "बरं. बघते मी."

आईचा, म्हणजे शकुनचा, फोन त्यानंतर आला. शकुनने काही विचारलं नाही, सगळं सांगितलंच. सकाळी काहीतरी पोटात घालून जा. काळी पँट नको, सलवार-कमीज घाल, परीक्षक जुन्या वळणाचे असतात. व्हायवा झाला की मला लगेच कळव, बाबा ऑफिसातून दोनदा विचारतात. "आणि सामान हळूहळू आवरायला घे. एकदा पुण्याला रुजू झालीस की मग कुठलं कोलकाता!"

"हो," देवयानी म्हणाली. प्रत्येक वाक्याला हो.

*

कोर्टाच्या आवारात सगळे वकील होते आणि एकही वकील नव्हता. शेडखाली कोट काढून बसलेले, हातपंख्याने वारा घेणारे, कोणी ऊस चोखणारे, कोणी बुद्धिबळ मांडून बसलेले. ऋतादी त्यांच्या टेबलाशी होत्या. देवयानीने लांबूनच बघितलं. त्यांनीही बघितलं. जयप्रकाशने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि उषा त्याच्या मागे एक पाऊल ठेवून चालत होती. तिच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत टॉवेल, लुंगी आणि त्याच्या गोळ्या होत्या. ती तयारीने आली होती. 

अर्ज तिने रात्रीच हाताने लिहून ठेवला होता, त्याच्या नावाने. त्याने सही केली. कोर्टातल्या पेशकाराने, म्हणजे मॅजिस्ट्रेटसमोर बसून कागद पुढे सरकवणाऱ्या कारकुनाने, अर्ज घेतला, वॉरंटचा नंबर बघितला आणि शिपायाला खूण केली. जयप्रकाशला लोखंडी पिंजऱ्यात घातलं. दार लागलं. त्या आवाजाने कोर्टातल्या कोणीही मान वर केली नाही.

मॅजिस्ट्रेट पन्नाशीच्या आतल्या एक बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांच्या समोरचा पंखा फिरत होता पण वारा भिंतीला लागत होता. त्यांनी आधी दुसरी कामं घेतली. मग आणखी दुसरी.

देवयानी मागच्या बाकावर उषाशेजारी बसली होती. फोन पर्समध्ये थरथरला. अमृताचा मेसेज: सुरू झालंय. भराभर चाललंय.

मग: तुझ्या आधीचे फक्त सात.

मग काही वेळाने: मी सांगितलं तू टॉयलेटला गेलीस. पुढचा नंबर घेतला.

पुकारा झाला. जयप्रकाश साहनी.

"मंगळवारी का आला नाहीत?" मॅजिस्ट्रेटनी हिंदीत विचारलं.

जयप्रकाशने हात जोडले. "ग़लती हो गया, हुज़ूर."

"तारीख माहीत होती?"

"जी."

"आजारी होता?"

"जी नहीं."

"गावाला गेला होता?"

"जी नहीं, हुज़ूर. घर पर ही था."

मागच्या बाकावर देवयानीने डोळे मिटले. फार खरं बोलतो.

"घरी होता. तारीख माहीत होती. आणि आला नाहीत." मॅजिस्ट्रेटनी पेन उचललं. "मग मी तुम्हाला आज परत का सोडू?"

जयप्रकाशने एकदा मागे बघितलं. देवयानीकडे नाही, तिच्या बाजूच्या भिंतीकडे. आणि म्हणाला, "हमारी समझ का फेर था."

त्याला नाव घ्यायचं नव्हतं. तो नाव घेणार नव्हता. उषाने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

देवयानी उभी राहिली.

"मॅडम, मी त्यांना सांगितलं होतं."

पेशकाराने वळून बघितलं. शिपायाने बघितलं. मॅजिस्ट्रेटनी चष्मा वर सरकवला.

"तुम्ही वकील आहात?"

"नाही, मॅडम. विद्यार्थिनी आहे."

"मग बसा."

ती बसली नाही. 

"मी त्यांची वकील म्हणून बोलत नाहीये, मॅडम. त्या दिवशी त्यांना फोन मी केला होता. मी म्हणाले, काम बंद आहे, येऊ नका. म्हणून ते आले नाहीत."

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं. 

"कोणत्या वर्षाला?"

"शेवटच्या."

"काम कोणाचं बंद आहे?"

"वकिलांचं."

"कोर्टाचं?"

"नाही, मॅडम."

"आरोपीचं?"

"नाही."

"हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं नाही?"

"शिकवलं. मी पेपरात लिहिलंही होतं."

पेशकार खाली बघून हसला. मॅजिस्ट्रेट हसल्या नाहीत. "तोंडी मी काही घेणार नाही. लिहून द्या. नाव, पत्ता, कॉलेज. सही करा. दुसऱ्या फेरीत बघू." आणि त्यांनी पुढची केस बोलावली.

देवयानीने लिहिलं. हात घामाने कागदाला चिकटत होता. कॉलेजचं नाव लिहिताना ती थांबली. हा कागद तिच्या नावाने या कोर्टात राहणार होता. उद्या वकिलीची सनद घ्यायला गेली आणि कोणी विचारलं, तर हा कागद होता. तिने नाव लिहिलं, पूर्ण, पिनकोडसकट.

पेशकाराने कागद घेतला. तिचा पांढरा सलवार-कमीज, हातातली व्हायवाची फाइल बघितली. "परीक्षा आहे का आज?"

"हो."

"मग जा की. तुमचं काम झालं. बाकी कागद बघून होईल."

ती दारापर्यंत गेली. खरंच गेली. दाराच्या चौकटीत उभी राहून तिने फोन बघितला. अमृता: नंबर गेला. शेवटी घेतील म्हणाल्या मॅडम. निघ. निघ. निघ.

तिने मागे वळून बघितलं. जयप्रकाश गजांच्या मागे उभा होता. त्याने हाताने खूण केली. जाइए. उषाने मात्र खूण केली नाही. ती नुसती बघत होती, आणि तिच्या बाजूची बाकावरची जागा तशीच रिकामी होती.

देवयानी परत येऊन त्या जागेवर बसली.

दुसरी फेरी लवकर आली नाही. एका चोराला आणलं, एका नवरा-बायकोचं भांडण झालं, वीज गेली आणि आली. फोन पर्समध्ये थरथरत राहिला. तिने तो बंद केला. मग पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटनी कागद वाचला, परत वाचला, आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. लिहिताना त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता.

"वॉरंट मागे. जुन्याच जामिनावर सोडलं. पुढच्या वेळी आला नाहीत तर मला कोणाचा कागद दाखवू नका."

"जी, हुज़ूर."

"आणि तुम्ही," त्या देवयानीला म्हणाल्या, "पुन्हा माझ्या कोर्टात उभ्या राहाल तेव्हा सनद घेऊन उभ्या राहा."

पिंजऱ्याचं दार उघडलं. या वेळी देवयानीला तो आवाज ऐकू आला नाही. उषा रडत होती आणि तिला पिशवी कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

*

"बैठिए, बैठिए," जयप्रकाश म्हणाला. गाडी कोर्टामागच्या गल्लीत लावलेली होती. उषा पुढे बसली, देवयानी मागे. कॉलेज बायपासला, रुबी हॉस्पिटलच्या पुढे. तिने फोन सुरू केला.

"कुठे आहेस?" अमृता कुजबुजत होती. "माझा झाला. मी शेवटची होते. मॅडमनी त्यांना चहाला बसवलंय. मी सामोसे मागवलेत. ये लवकर, माणूस किती सामोसे खाईल?"

"जरा जल्दी, जयप्रकाशजी."

"जी."

पण गाडी जल्दी जात नव्हती. तिने पुढे वाकून बघितलं. काटा तिशीच्या वर सरकत नव्हता. बाजूने बस गेल्या, रिक्षा गेल्या, एक मासळीचा टेम्पो गेला. एका सायकलवाल्यानेही त्यांना मागे टाकलं.

"थोड़ा और..."

"बेटी, ज़मानत पर हूं," तो आरशात बघून म्हणाला. चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. "अभी-अभी छूटा हूं."

देवयानी मागे टेकून बसली.

बेलेघाट्याच्या मोडावर समोर सिग्नल हिरवा होता. पुढच्या गाड्या निघाल्या. ते जवळ आले आणि तो पिवळा झाला. रस्ता मोकळा होता. कोणीही काढली असती. मागून हॉर्न वाजायला लागले. देवयानीने पुढच्या सीटची पाठ धरली. तिच्या ओठांवर शब्द आला होता. निकालिए. एवढाच.

जयप्रकाशने गाडी थांबवली. पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे, अगदी सरळ.

"यही जगह है," तो म्हणाला.

तिने ओठ मिटले. उषाने पदराने तोंड पुसलं. सिग्नल लाल झाला, आणि इथला लाल फार वेळ राहतो. तिघंही तो बघत बसली.

कॉलेजच्या फाटकातून ती धावत आत गेली तेव्हा मीनाक्षी मॅडम जिन्यात भेटल्या. हातात सीलबंद पाकीट होतं.

"दोनदा चहा दिला," त्या म्हणाल्या. "त्यांनी दुसरा कप अर्धा ठेवला. त्यांची गाडी होती, देवयानी. मी किती थांबवणार?"

"गेले?"

"आत्ताच. फाटकात तुम्ही एकमेकांसमोरून गेला असाल." मॅडमनी पाकीट काखेत धरलं. "गैरहजर लिहावं लागलं. हिवाळ्यात परत देता येईल."

अमृता वर्गाच्या दारात बसली होती, मांडीवर सामोशांचा कागद. एकच उरला होता. तिने तो देवयानीपुढे धरला.

"सुटला का तो?"

"सुटला."

"घे. गार झालाय."

देवयानीने घेतला आणि तिथेच पायरीवर बसून खाल्ला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

आईला तिने संध्याकाळी सांगितलं. शकुन खूप वेळ बोलली, मग बोलायची थांबली, आणि थांबली ते जास्त वाईट होतं. मग फोन वडिलांनी घेतला. विनायक करंबेळकर आयुष्यभर बदलीच्या नोकरीत एकही दिवस उशिरा न पोचलेला माणूस.

"तो माणूस घरी गेला का?"

"हो, बाबा."

"बरं." त्यांनी मागचा टीव्ही बंद केला. "चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. पुण्याच्या लोकांना तुझं तू कळव."

"कळवते."

"जेवलीस का?"

*

पुण्याच्या कंपनीने सभ्य भाषेत उत्तर दिलं की जागा थांबवता येणार नाही. अमृता दिल्लीला गेली. देवयानीने पंख्याखाली पुस्तकं परत मांडली आणि सकाळी ऋतादींच्या टेबलाशी जायला लागली. ऋतादींनी त्या दिवसाचा विषय काढला नाही. फक्त आता कोणाला फोन करायचा असला की त्या म्हणत, "माझ्यासमोर कर."

जयप्रकाशची पुढची तारीख जुलैत होती. त्याच आठवड्यात तिने पुण्यात रुजू व्हायचं होतं. आदल्या दिवशी ती जेवायला बसली आणि फोन वाजला.

"बेटी, कल हमारी यूनियन का चक्का जाम है. गाड़ी नहीं निकलेगी. बस भी कम होगी, लोग बोल रहे हैं." मग तो म्हणाला, "तो कल आना है कि नहीं?"

तिने घास ताटात ठेवला. हात धुतला. सुमनकाकू वाढता वाढता थांबल्या.

"आना है. बंद हो तो भी आना है. चलकर आना पड़े तो भी."

"जी. आप?"

"मैं मेट्रो से. आपसे पहले पहुंच जाऊंगी."

"ठीक है," तो म्हणाला आणि फोन ठेवू लागला.

"जयप्रकाशजी, रुकिए. एक बार आप बोलिए. कल क्या करना है?"

पलीकडून गोदीतल्या बोटीचा भोंगा ऐकू आला. मग उषाचा आवाज, काहीतरी विचारणारा. मग तो, नीट, एकेक शब्द सुटा करत:

"बंद हो तो भी आना है, बेटी."

तरीही तिने त्याला ते आणखी एकदा म्हणायला लावलं.